ओढ्याअलीकडचं गाव

दिंडीला शंभर वर्षं झाली, तवा गावाचा इतिहास तुम्हीच लिहा, असं मंडळींनी सांगितलं. आमचं शिक्षण चौथी. थोरांकडून ऐकलं अन् डोळ्यानं बघितलं तेवढं लिहितो.

आमचं गाव निपाणी भागातलं. ओढा ओलांडला की कागल तालुका. लोकांना वाटतं ही सीमा १९५६ ची. तसं नाही. पहिली दिंडी निघाली तवा ओढ्याअलीकडं इंग्रजांचा बेळगाव जिल्हा अन् पलीकडं कोल्हापूर संस्थान होतं. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. तिथून १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत, साडेसात वर्षांहून जास्त, ओढा नुसता ओढा होता. मग आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. १९७३ ला त्याचं कर्नाटक झालं. महाजन अहवाल १९६७ ला आला, २००४ ला दावा सुप्रीम कोर्टात गेला. आमचा सातबारा जाऊन कानडी पहाणी आली. ती वाचून घ्यायला आम्ही शेजारच्या लिंगायत अण्णांकडं जायचो. दिंडी निघायच्या आदल्या रात्री हुग्गीची पंगत त्यांच्याच घरची.

तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया वर्षभर चार चार आणे मागं टाकून वारीला यायच्या. दिंडीचा शिधा त्यांच्यावर चालला. जुन्या वहीत विणेकरी, चोपदार सगळ्यांची नावं हायत, त्या बायांचं एकही नाही. ही चूक आमच्याच वडीलधाऱ्यांची.

आता घरचं सांगतो. आमचा नातू कानडी शाळेत. त्यानं हरिपाठ वहीत कानडी अक्षरांत लिहून काढला. आम्ही लई बोललो. माऊलींनी विठ्ठलाला कानडा म्हटलं, हे आम्ही कीर्तनात शंभरदा सांगितलेलं, पण घरात वही बघितल्यावर ते काही आठवलं नाही. पोरगं म्हणालं, "आज्जा, शब्द तेच हायत की." आम्ही महिनाभर त्याच्याशी बोललो नाही.

२०२० ला पायी वारी बंद. वीणा देवळातच उभी. त्या आषाढीला हरिपाठ म्हणताना आम्ही मधेच अडखळलो. चष्मा घरी राहिलेला. नातवानं ती वही उघडून पुढचं चरण धरलं, मागं सगळ्यांनी टाळ धरला.

यंदा दिंडीत तशा पाच वह्या हायत. पुठ्ठे आम्हीच घातलेत.