काच खाली येत नाही! पॉवर विंडोची गोष्ट

नाशिकहून आजचा भाग एका बटणाबद्दल आहे. गाडीच्या दारावरचं, काच खाली-वर करणारं बटण. ते बंद पडलं की आपण म्हणतो, "असू दे रे, एसी आहे ना!" आणि गॅरेजची फेरी पुढच्या महिन्यावर जाते. पण या बटणाचा इतिहास ऐकलात, तर ती फेरी तुम्ही याच आठवड्यात माराल.

सुरुवात अमेरिकेत होते. 1940 च्या अखेरीस पॅकार्ड कंपनीने आपल्या 180 मालिकेतल्या आलिशान गाड्यांना हात न लावता सरकणाऱ्या काचा दिल्या. पण त्या थेट मोटरवर चालत नव्हत्या. विजेवरचा पंप तेलावर दाब आणायचा आणि तो दाब काच उचलायचा. 1941 मध्ये फोर्डने लिंकनच्या लांबलचक गाड्यांत अशी सोय आणली. मग 1951 च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये तेल गेलं आणि पूर्णपणे विजेवर चालणारी काच आली.

आपल्याकडे मात्र हँडलचं राज्य होतं. अॅम्बेसेडर, पद्मिनी, डिसेंबर 1983 मध्ये आलेली मारुती 800... हात फिरवा, काच उतरवा. आपल्या नाशिकच्या कारखान्यात बनणारी महिंद्राची स्कॉर्पिओ 2002 मध्ये बाजारात आली. त्या काळात बटणाच्या काचा श्रीमंतांच्या गाडीतून हळूहळू मध्यमवर्गाच्या गाडीत येत होत्या.

आता हा बदल नेमका काय झाला, ते बघा. हँडलमध्ये तुमचा हात, दोन-तीन दातेरी चाकं आणि काच, बस्स. बटणामागे मात्र अख्खी साखळी आहे: बॅटरी, फ्यूज, रिले, स्विच, वायर, मोटर आणि काच उचलणारा रेग्युलेटर. एक कडी तुटली की काच जागच्या जागी.

याची किंमत महाराष्ट्राला कळली 26 जुलै 2005 ला. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. रस्त्यांवर गाड्या अडकल्या आणि पाणी चढत गेलं. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडेना, सेंट्रल लॉक आणि काचांची वीज गेली. काही माणसं आपल्याच गाडीत अडकून गेली. जी काच आरामासाठी आली होती, तीच भिंत झाली. गाडीत छोटी हातोडी ठेवा, हा सल्ला त्यानंतर जो तो देऊ लागला.

म्हणून बंद काच म्हणजे नुसती कटकट नाही. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे डीबगिंगसारखं दिसतं. साखळी मधोमध तोडायची आणि बिघाड कुठल्या बाजूला आहे ते बघायचं.

पहिला प्रश्न: एकच काच बंद आहे की सगळ्या? सगळ्या असतील तर आधी फ्यूज बघा, मग रिले. फक्त मागच्या किंवा बाजूच्या सीटची बटणं चालत नसतील, तर ड्रायव्हरकडचं विंडो लॉक चुकून दाबलं गेलंय का ते बघा. हसू नका, असं खूपदा होतं!

एकच काच बंद असेल तर ती ड्रायव्हरच्या बटणाने चालवून बघा. तिथून चालली, तर त्या दाराचं बटण खराब. दोन्हीकडून नाही, तर दाराला कान लावा. मोटरचा आवाज येतो पण काच हलत नाही? मग रेग्युलेटरची केबल तुटली असेल किंवा काच तिच्या पकडीतून सुटली असेल. आवाजच नाही? मग मोटर, नाहीतर दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतली वायर. दार हजारो वेळा उघड-बंद होतं, ती वायर तिथेच वाकून वाकून तुटते. दार थोडं हलवल्यावर काच मध्येच चालली, तर समजा तीच. आणि जुना फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपिअरचा टाका. जास्तीचा टाकला तर वायर जळते.

घरात लहान मुलं असतील तर आणखी एक. जुन्या पद्धतीच्या काही बटणांवर मुलाचा गुडघा पडला तरी काच वर जायची, आणि डोकं बाहेर असलं तर मान अडकायची. त्यामुळे 2004 पासून अमेरिकेने बटणांचे नियम कडक केले. हल्ली काच वर न्यायला बटण बोटाने ओढावं लागतं, ते याचसाठी.

आता पावसाळा. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत आलं, हे आपण नाशिककर लगेच विचारतो. तसंच आपल्या चारही काचा उतरतात का, हे जूनआधी बघा. गाडी पाण्यात सापडलीच तर दाराशी झटापट करू नका. वीज आहे तोवर पहिल्याच मिनिटात बेल्ट सोडा, काच खाली घ्या आणि बाहेर पडा. नाही उतरली, तर टोकदार हातोडीने बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारा. पुढची काच लॅमिनेटेड असते, तिच्यावर ताकद घालवू नका. काही नव्या गाड्यांत बाजूची काचही लॅमिनेटेड असते, तुमची कुठली आहे ते आजच मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. आणि हातोडी डिकीत नको, हात पोचेल तिथे ठेवा.

हा भाग त्या मित्राला पाठवा, ज्याची एक काच गेल्या दिवाळीपासून बंद आहे. भेटू पुढच्या भागात!