एका आडव्या रेघेचा इतिहास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

रेडिओवर बोलताना एक गंमत लक्षात येते. स्वल्पविराम ऐकू येतो, पूर्णविराम ऐकू येतो, प्रश्नचिन्ह तर आवाजाच्या चढावरूनच कळते. पण दोन शब्दांच्या मधली आडवी रेघ? ती कधी ऐकू येते, कधी येत नाही. मी 'उमरगा-लोहारा' म्हणालो तर तुम्हाला एकच सलग शब्द ऐकू येतो. 'माझे गाव एकच – उमरगा' असे म्हणालो तर मात्र मध्ये क्षणभर थांबावे लागते. कागदावर दोन्हीकडे आडवी रेघच आहे. एक आखूड, दुसरी जराशी लांब. आखूड रेघेला आपल्या व्याकरणात संयोगचिन्ह म्हणतात, लांब रेघेला अपसारणचिन्ह. शाळेत आपण त्यांना हायफन आणि डॅश म्हणूनच ओळखले. एक रेघ जोडते, दुसरी थांबवते. कामे अगदी उलट, पण दिसायला सख्ख्या बहिणी. म्हणूनच घोटाळा होतो.

घोटाळा किती मोठा, असे कुणी विचारील. उमरग्याच्या मोंढ्यातले उदाहरण घ्या. 'तूरडाळ' ही एक जिन्नस. 'तूर-डाळ' लिहिले की तूर वेगळी आणि डाळ वेगळी, दोन जिनसा झाल्या. 'जुने पुस्तक विक्रेते' या पाटीत जुने कोण, पुस्तके की विक्रेते? 'जुने पुस्तक-विक्रेते' लिहिले तर म्हातारपण विक्रेत्यांच्या वाट्याला येते. रेघ लहान असली तरी अर्थाचे पारडे तीच झुकवते.

ही रेघ आपल्याकडे मुळात नव्हती. जुन्या पोथ्यांत ओळ संपल्याची खूण म्हणून उभा दंड असे; आडवी रेघ शब्दांच्या मधे नव्हे, शब्दांच्या डोक्यावर असे. मोडी लिहिणारा कारकून तर आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली, हात फारसा न उचलता, अक्षरामागून अक्षर लिहीत जाई. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे थांबले, हे वाचणाऱ्याने ओळखायचे. लिहिणारा आणि वाचणारा एकाच दफ्तरातले, एकाच रिवाजातले असत, म्हणून ते निभावले. आपला भाग निजामाच्या राज्यात. इथल्या दफ्तरात मोडीच्या जोडीला फारसी आणि नंतर उर्दू आली. त्या लिपीलाही अशा जोडरेघेची गरज भासत नाही. 'निजाम-उल-मुल्क' हे तिच्यात रेघेविना लिहिले जाते. रेघा आपण देवनागरीत आणताना घातल्या, तोडून वाचता यावे म्हणून.

त्या जुन्या दफ्तरांचे महत्त्व मराठवाड्याला अलीकडे नव्याने कळले. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, निजामकालीन नोंदी तपासल्या जाऊ लागल्या आणि मोडी नि उर्दू वाचणाऱ्या माणसांचा शोध सुरू झाला. त्या प्रश्नाच्या राजकारणात मी शिरत नाही. भाषेच्या अंगाने एकच दाखवतो. जुना कागद रेघेवाचून लिहिलेला, आणि आजच्या शासकीय कागदावर शब्द आहेत 'कुणबी-मराठा' आणि 'मराठा-कुणबी'. मधली ती आखूड रेघ माणसाच्या दाखल्यापर्यंत जाऊन पोहोचली आहे. तिला क्षुल्लक कसे म्हणावे?

मराठीत ही रेघ आली ती छापखान्याबरोबर. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये सेरामपूरला छापले गेले. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. वाचणारा आता दफ्तरातला ओळखीचा माणूस राहिला नव्हता. तो कुठल्याही गावचा, लेखकाला कधी न भेटलेला असा झाला. त्याला वाट दाखवायला खुणा हव्या होत्या. त्या बसवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाचे ते सहकारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी विरामचिन्हांची ओळख करून देणारी पुस्तिका लिहिली आणि पाठ्यपुस्तके तपासताना त्या खुणा मराठीत रुजवल्या. पुढे लोक त्या कोशाला 'मोल्सवर्थ-कँडी' म्हणू लागले. म्हणजे ज्यांनी रेघ आणली त्यांच्याच नावाच्या मागे रेघ लागली.

मराठीच्या नियमांनी मात्र या रेघेकडे फारसे लक्ष दिले नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनाच्या नियमांना १९६२ मध्ये शासनाची मान्यता मिळाली, १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडून ते १८ झाले. त्यांचा सगळा भर अनुस्वारावर आणि ऱ्हस्व-दीर्घावर. रेघ कुठे आखूड आणि कुठे लांब, हे ठरवण्याचे काम छापखान्यातला खिळे जुळवणारा आणि मुद्रितशोधक यांच्याकडे गेले. आखूड रेघेचा खिळा वेगळ्या खणात, लांब रेघेचा वेगळ्या. लेखकाने हस्तलिखितात कशीही रेघ ओढलेली असो, हा माणूस निमूटपणे योग्य खिळा उचलून बसवी. त्याचे नाव पुस्तकावर कधी आले नाही; पण मराठीची शिस्त त्याने राखली.

मग टंकलेखन यंत्र आले. त्याच्यावर जागा कमी, म्हणून एकाच कळीला सगळी कामे. तीच जोडरेघ, तेच वजाबाकीचे चिन्ह. डॅश हवा असेल तर तीच कळ दोनदा दाबायची. संगणक आला तेव्हा त्याने ही सवय उचलली. १९६३ च्या अमेरिकन संकेतावलीत जोडरेघ आणि वजाचे चिन्ह यांना मिळून एकच क्रमांक दिला गेला. पुढे १९९१ मध्ये युनिकोड आले. जगातल्या लिप्यांना आणि चिन्हांना त्यात स्वतंत्र जागा मिळाल्या. जोडरेघ वेगळी, आखूड डॅश वेगळा, लांब डॅश वेगळा, वजाचे चिन्ह वेगळे. खण पुन्हा वेगळे झाले, पण कळफलकावर कळ मात्र जुनी एकच राहिली. बोटाला सापडते ती आखूड रेघ, म्हणून सगळीकडे तीच पडते.

आपला डोळा आखूड-लांब रेघ पाहून अर्थ सावरून घेतो. यंत्र सावरून घेत नाही. त्याच्या लेखी हे निरनिराळे क्रमांक आहेत. शोधताना एकाने आखूड रेघ घातली आणि लिहिणाऱ्याने लांब घातली असेल, तर असलेली गोष्ट सापडत नाही असे होऊ शकते. तक्त्यात 'दहा-बारा पोती' या अर्थाने १०-१२ असे आकडे टाकावेत, तर यंत्र कधी कधी त्याची तारीख करून मोकळे होते. पोती राहतात बाजूला.

आणि आता तर एकाच मजकुरावर अनेकांचे हात फिरतात. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. एक जण पुण्यात बसून लिहितो, दुसरा उमरग्यात दुरुस्त करतो, तिसरा परदेशातून भर घालतो. हे आपल्याला अगदीच नवे नाही. ज्ञानेश्वरी शतकानुशतके हातांनी उतरवली जात होती. प्रत्येक नकलेत काही गळत होते, काही शिरत होते. अखेर पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाठ शुद्ध केला. अलीकडचे उदाहरण मराठी विश्वकोशाचे. लेखक अनेक, पण तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखा प्रमुख संपादक आणि वाईचे संपादन-कार्यालय मजकूर एका पद्धतीत आणत. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. सामूहिक लेखन दोन्हीकडे आहे, पण तिथे शेवटचा हात कुणाचा हे ठरलेले होते. जाळ्यावरच्या सामूहिक लेखनात शेवटचा हात नसतोच. आज मी लांब केलेली रेघ उद्या कुणी आखूड करतो, परवा मी ती पुन्हा लांब करतो. मजकुरात एका अक्षराची भर नाही आणि दोन माणसांचा अबोला मात्र पक्का! अशा वेळी आधी ठरवलेला नियम हाच संपादक.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी असा एक सुंदर भेद केला आहे. भौतिकशास्त्रात 'बोस–आइन्स्टाइन' संख्याशास्त्र आहे, १९२४ चे. बोस वेगळे, आइन्स्टाइन वेगळे, म्हणून तिथे आखूड डॅश घालतात. 'लेनार्ड-जोन्स' हेही शास्त्रात येणारे नाव; पण हा एकच माणूस. मूळचे जोन्स, १९२५ मध्ये लग्न झाल्यावर त्यांनी पत्नीचे लेनार्ड हे आडनाव आपल्या नावाला जोडले. म्हणून तिथे जोडरेघ. रेघ पाहूनच कळावे की माणसे दोन की एक. आपल्याकडे माहेर-सासरची दोन्ही आडनावे लावणाऱ्या बाई आता पुष्कळ आहेत. समितीच्या यादीत नुसते 'देशमुख-पाटील' आले तर एका बाईची खुर्ची मांडायची की दोघांच्या दोन?

रेघेवरून राज्येही भांडली आहेत. १९९० मध्ये चेकोस्लोव्हाकियातली साम्यवादी राजवट गेल्यावर देशाच्या नावातून 'समाजवादी' शब्द काढायचे ठरले. स्लोव्हाक लोक म्हणाले, आमचे नाव चेक नावात विरघळून गेले आहे. मध्ये रेघ घाला. चेक लोकांना ती रेघ फाळणीच्या दिवसांची आठवण करून देणारी वाटली. मार्चमध्ये तोडगा निघाला तो असा, की चेक भाषेत रेघेवाचून लिहावे, स्लोव्हाक भाषेत रेघ घालून. तोही टिकला नाही. एप्रिलमध्ये रेघ काढून 'आणि' घातले, 'चेक आणि स्लोव्हाक संघराज्य'. लोकांनी या वादाला 'डॅशचे युद्ध' म्हटले. खरे तर भांडण जोडरेघेचे होते! १ जानेवारी १९९३ रोजी दोन देश वेगळे झाले. रेघेमुळे देश तुटला असे कुणी म्हणणार नाही. पण आपण सोबत आहोत की सामावून गेलो आहोत, हा प्रश्न त्या रेघेत होता.

हा प्रश्न आम्हा उमरगेकरांना कळतो, तो वेगळ्या दुःखातून. त्याच १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. सर्वाधिक हानी दोन तालुक्यांत झाली, लातूर जिल्ह्यातला औसा आणि उस्मानाबाद जिल्ह्यातला उमरगा. किल्लारी औसा तालुक्यातले. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यातले, आता लोहारा तालुक्यातले. हजारो माणसे दोन्हीकडे गेली. पण जगाने नाव ठेवले 'लातूरचा भूकंप', मराठीत 'किल्लारीचा भूकंप'. नाव आखूड हवे असते हे मान्य. तरी 'लातूर-उस्मानाबाद भूकंप' असे लिहिलेले कुठे दिसले की सास्तूरच्या बाजूच्या माणसाचा जीव थोडा निवतो. त्या रेघेने कुणाचे दुःख कमी झाले नाही. ते मोजले गेले, एवढेच.

आता जिल्ह्याचे नाव २०२३ पासून धाराशिव आहे. काही जण 'उस्मानाबाद-धाराशिव' लिहितात. परगावच्या वाचकाला ते एस. टी.च्या पाटीसारखे वाटेल, या गावाहून त्या गावाला! एकाच ठिकाणची दोन नावे असतील तर 'धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद)' असे लिहावे. रेघ तिथे कामाची नाही.

म्हणून मिळून लिहिणाऱ्यांनी चार गोष्टी आपसांत ठरवाव्यात. जोडायचे तिथे आखूड रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही. थांबायचे तिथे लांब रेघ, तिला दोन्ही बाजूंना मोकळी जागा द्यायची. 'पासून-पर्यंत' सांगायचे असेल आणि शंका वाटत असेल तर सरळ 'ते' लिहावे. 'दहा ते बारा' आणि 'दहा-बारा' यांत मराठी कानाला फरक कळतोच, पहिले मोजून सांगितलेले, दुसरे अंदाजाने. लेखाच्या शीर्षकात लांब रेघ असेल तर आखूड रेघेच्या शीर्षकावरूनही वाचक तिथेच पोहोचेल अशी सोय करावी. विकिपीडियावर तिला पुनर्निर्देशन म्हणतात. आणि जुन्या कागदाची नक्कल करताना त्यात नसलेली रेघ आपल्या पदरची घालू नये. तो कागद उद्या कुणाचा पुरावा असेल.

कुठली रेघ घालावी हे उमजेना, तर वाक्य मोठ्याने वाचून पाहावे. जीभ थांबली तर लांब, न थांबता पुढे गेली तर आखूड. कँडीसाहेबांच्या आधीही मराठी माणूस विरामचिन्हे पाळत होताच. फक्त ती कागदावर नव्हती, श्वासात होती.