‘संगणकाचा अनुभव : नाही’

१/ शिक्षकी, बँक किंवा हिशेबखाते सोडून आयटीकडे वळणाऱ्याचा हात बायोडेटा लिहिताना एका रकान्यापाशी हमखास अडखळतो : या क्षेत्रातील अनुभव. १९४५ साली हा रकाना जगात जवळजवळ कोणालाच भरता आला नसता. मग पहिले प्रोग्रामर निवडले गेले ते कशाच्या बळावर?

२/ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला तोफगोळ्यांच्या मार्गांची कोष्टके हवी होती. फिलाडेल्फियाच्या मूर स्कूलमध्ये गणित जाणणाऱ्या तरुणी ती यांत्रिक गणकयंत्रांवर तयार करीत. एकेका मार्गाला तीस-चाळीस तास लागत. या तरुणींच्या हुद्द्याचे नावच ‘कॉम्प्युटर’ होते!

१९४५ मध्ये त्यांतल्या सहा जणी ‘एनिॲक’ या नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्रासाठी निवडल्या गेल्या. जीन जेनिंग्ज मिसुरीतील एका शिक्षक-महाविद्यालयातून गणित शिकून आलेली. बेटी स्नायडर तर पत्रकारितेची पदवीधर. हाताशी माहितीपुस्तिका नव्हती. गुप्ततेपायी सुरुवातीला यंत्रापाशी जाण्याचीही मुभा नव्हती, म्हणून नुसत्या आराखड्यांवरून त्यांनी ते समजून घेतले. उपयोगी पडला तो जुनाच अनुभव. जे गणित यंत्राला शिकवायचे होते, त्याची पायरीन्‌पायरी त्यांच्या हाताखालून गेली होती.

३/ सरकारी दप्तरात मात्र भरतीच्या वेळी त्यांची नोंद व्यावसायिकांहून खालच्या श्रेणीत झाली. फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्राचे प्रात्यक्षिक गाजले. त्यानंतरच्या मेजवानीचे त्यांना बोलावणे नव्हते.

४/ लंडनची कथा याहून रंजक आहे. चहाघरे आणि बेकऱ्या चालवणाऱ्या जे. लायन्स कंपनीने ‘लिओ’ हा स्वतःचा संगणक बांधला आणि १९५१ मध्ये त्यावर बेकरीचे हिशेब सुरू केले. प्रोग्रामर शोधले ते आपल्याच कचेरीत. आठवडाभराचा वर्ग असे : दिवसा व्याख्याने, संध्याकाळी लेखी काम.

१९५२ मध्ये या वर्गातून निवडल्या गेलेल्या मेरी ब्लड (पुढे मेरी कूम्ब्स) फ्रेंचच्या पदवीधर होत्या. कंपनीत त्या आल्या आइस्क्रीम-विक्री विभागातल्या तात्पुरत्या कामावर. त्यांच्यासोबत निवडलेले फ्रँक लँड अर्थशास्त्र शिकून तिथल्याच सांख्यिकी विभागात काम करीत होते. संगणकशास्त्राची पदवी कोणाकडेच नव्हती. ती मुळी अस्तित्वातच नव्हती.

पुढे कामगारांचे पगार लिओवर काढले जाऊ लागले. अनुभवी कारकुनाला एका पगाराला आठ मिनिटे लागत, यंत्राला दीड सेकंद. पण कोणती वजावट आधी आणि कोणती नंतर, हे त्या यंत्राला कोणीतरी सांगावेच लागे. तिथे कचेरीची रीत जाणणाऱ्याचे पारडे जड ठरणार, हे उघड आहे. फ्रेंच व्याकरणाचा काटेकोरपणाही कामी आला असेल, कोण जाणे!

५/ १९५५ मध्ये आयबीएमने कलचाचणी आणली. तिच्यात संख्यामालिका, आकृत्यांतील साम्य, अंकगणिती उदाहरणे असत. अनुभवाचा पेच तिने सोडवला खरा, पण उमेदवाराने आधी कोणते काम केले होते हा मोलाचा तपशील अशा परीक्षेत सापडत नाही.

६/ व्यवसायाला नावही धड लाभले नव्हते. नेदरलँड्समध्ये भौतिकशास्त्राकडून प्रोग्रामिंगकडे वळलेल्या एड्‌स्खर डाइक्स्ट्रा यांनी १९५७ मध्ये विवाहनोंदणीच्या वेळी ‘प्रोग्रामर’ असे लिहिले. ॲम्स्टरडॅमच्या अधिकाऱ्यांनी ते नाकारले : असा व्यवसायच नाही म्हणे. कागदावर शेवटी ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ लागले. १९७२ च्या ट्युरिंग व्याख्यानात त्यांनीच हा किस्सा सांगितला.

७/ मुंबईतही हेच दिसते. टाटा कन्सल्टन्सीची धुरा १९६९ मध्ये फकीरचंद कोहली यांच्याकडे आली. ते विजेच्या क्षेत्रातले अभियंते होते. टाटा इलेक्ट्रिकमध्ये वीजजाळ्याच्या नियंत्रणासाठी संगणक आणण्यात त्यांचा पुढाकार होता. नव्या व्यवसायाचे दार त्यांच्या जुन्या नोकरीतच उघडले होते.

८/ आणि एनिॲकच्या त्या सहा जणी? १९८० च्या दशकात कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीने यंत्राच्या जुन्या छायाचित्रांतल्या स्त्रिया कोण, असे विचारले. उत्तर मिळाले की शोभेसाठी उभ्या केलेल्या मॉडेल असाव्यात. त्यांचा माग काढायला क्लायमन यांनी तेव्हापासून सुरुवात केली. १९९७ मध्ये ‘विमेन इन टेक्नॉलॉजी इंटरनॅशनल’ने सहाही जणींचा गौरव केला. तोवर त्या मेजवानीला पन्नासहून अधिक वर्षे लोटली होती.