औषध रोग्याचं, शर्यत दुसऱ्याची
काजऱ्याचं झाड कोकणातलं, पण त्याची बी घाटावरच्या औषध दुकानातही भेटते. अग्नितुंडी वटी मागायला म्हातारी माणसं येतात, तिच्यात शुद्ध केलेला कुचला असतो, म्हणजे काजऱ्याचीच बी. तिच्यातलं विष म्हणजे स्ट्रिक्निन. स्नायूंना आवर घालणारा मज्जारज्जूतला संदेश ते अडवतं. मात्रा थोडी असेल तर अंगात तरतरी येते, जास्त झाली तर झटके येऊन माणूस जातो. जुने डॉक्टर ते अशक्तपणावर देत.

30 ऑगस्ट 1904 रोजी सेंट लुईसच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये हेच औषध धावलं. उन्हात आणि फुफाट्यात 32 जण सुटले, 14 पोचले. थॉमस हिक्स वाटेत कोसळायच्या बेताला आला, तेव्हा सोबतच्यांनी त्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिक्निन दिलं. पुढे आणखी एक मात्रा दिली, वर ब्रँडी पाजली. तो 3 तास 28 मिनिटांत पोचला आणि त्याला सुवर्णपदक मिळालं. ही लबाडी ठरली नाही, कारण तसा नियमच नव्हता. सोबतच्यांपैकी एकानं सगळं उघडपणे लिहून ठेवलं. लबाड ठरला तो फ्रेड लोर्झ, कारण तो मधलं अंतर मोटारीत बसून आला होता.

मी न्हावऱ्यात औषधं विकतो, त्यामुळे हा इतिहास मला काउंटरच्या आतल्या बाजूनं दिसतो. धावपटूंच्या उत्तेजकांवरच्या रहस्यकादंबऱ्या मी हौसेनं वाचतो. त्यांत एखादा बिथरलेला शास्त्रज्ञ असतो आणि कुणाला न सापडणारं रसायन असतं. तसं प्रत्यक्षातही घडलंय. 2003 मध्ये उघडकीला आलेलं टीएचजी हे चाचणीत सापडू नये असंच स्टेरॉइड होतं. पण ते अपवाद. बंदी असलेल्या औषधांची बाकी यादी वाचताना मला माझेच खण दिसतात. बहुतेक औषधं कुणा ना कुणा आजाऱ्यासाठी निघालेली आहेत.

आपल्याकडचं लांब पल्ल्याचं धावणं मात्र औषधांच्या नव्हे, वेगळ्या वाटेनं आलं. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं पाहून दोराबजी टाटांनी ऑलिंपिकला संघ पाठवायचं मनावर घेतलं. 1920 मध्ये अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले 2 तास 50 मिनिटांत मॅरेथॉन पुरी करून एकोणिसावे आले. ती शर्यत 42.75 किलोमीटरची होती, आजच्या मॅरेथॉनपेक्षा लांब.

जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेनं 1928 मध्ये उत्तेजकांवर बंदी घातली. पण ऑलिंपिकमध्ये तपासणी सुरू व्हायला 1968 साल उजाडलं. मधली चाळीस वर्षं नियम कागदावर राहिला. फिनलंडच्या कार्लो मानिंकानं 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटरचं रौप्य आणि 5,000 मीटरचं कांस्य मिळवलं. रक्त भरून घेतल्याचं त्यानं नंतर स्वतःच सांगितलं. तेही तेव्हा नियमात बसत होतं. रक्त भरून घेण्यावर बंदी आली ती 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकनंतर.

मग आलं ईपीओ. त्याची छोटी कुपी माझ्या फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. वीज गेली की आधी तिची काळजी. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत त्यांच्या शरीरात तांबड्या पेशी वाढवणारं हे संप्रेरक पुरेसं तयार होत नाही, हिमोग्लोबिन उतरतं आणि चार पायऱ्या चढताना दम लागतो. डायलिसिसला जाणारा माणूस या सुईनं पुन्हा रानात चक्कर मारून येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अमेरिकेत 1989 मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि पुढच्याच वर्षी खेळात बंदी आली. पण ते पकडणारी चाचणी ऑलिंपिकमध्ये वापरात आली 2000 साली, सिडनीला. ती दहा वर्षं लांब पल्ल्याच्या धावपटूंना मोकळं रान होतं. निरोगी माणसाच्या शरीरात तांबड्या पेशी अशा वाढवल्या तर रक्त काकवीसारखं दाट होतं. घामानं पाणी गेलं की आणखी दाट. गुठळी कुठं अडकेल याचा भरवसा नाही.

केनियाच्या रुथ चेपनगेटिचनं ऑक्टोबर 2024 मध्ये शिकागोला 2:09:56 अशी मॅरेथॉन धावून स्त्रियांचा विश्वविक्रम केला. मार्च 2025 मधल्या नमुन्यात तिच्याकडे हायड्रोक्लोरोथायझाइड सापडलं आणि तीन वर्षांची बंदी आली. ही रक्तदाबाची स्वस्त गोळी. माझ्याकडे ती रोज विकली जाते. ती लघवी वाढवते, त्यामुळे दुसऱ्या औषधाच्या खुणा झाकायला वापरता येते, म्हणून ती यादीत आहे. डिसेंबर 2024 मध्ये पुणे हाफ मॅरेथॉनमध्ये महाराष्ट्राच्याच एका धावपटूच्या नमुन्यात ऑक्झान्ड्रोलोन निघालं आणि चार वर्षांची बंदी बसली. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा भाजल्यानंतर वजन खचलेल्या रोग्याला ते स्टेरॉइड दिलं जायचं.

आमच्याकडे शर्यत म्हणजे पोलीस भरती. पहाटे चौफुल्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांच्या कडेनं पोरं पळतात. मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 गुण मुलांना 1600 मीटरवर मिळतात. नोकरी त्या पाच मिनिटांवर ठरते. मग एखादा हळूच विचारतो, ‘काका, बीपीचं इंजेक्शन आहे का? परवा ग्राउंड आहे.’

‘चिठ्ठी?’

‘चिठ्ठी कशाला? सगळेच घेतात.’

त्याला हवं असतं मेफेंटरमाइन. कमरेत भूल दिल्यावर रक्तदाब एकदम पडतो, तो सावरायला भूलतज्ज्ञ हे टोचतात. टेबलावर आडव्या पडलेल्या रोग्याचं औषध पोरं पळायच्या आधी घेतात, मोजमाप नसताना, कधी एकाच सुईनं दोघं. नाडी वाढते, थकवा जाणवत नाही, म्हणजे शरीर थांब म्हणत असतं ते ऐकू येत नाही. जून 2014 मध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना तरुण दगावले आणि त्यानंतर अंतर कमी केलं. ते उन्हाचे आणि दमणुकीचे बळी होते. अशा उन्हात वरून हे इंजेक्शन घेतलं तर काय होईल, ते मी त्या पोराला सांगतो. काही ऐकतात, काही दुसरं दुकान गाठतात.

उत्तेजकं पकडायची यंत्रणा पदकांच्या मागं असते. भरतीचा पोरगा पदकवाला नाही. त्याच्यापुरती ही चाचणी दुकानाच्या काउंटरवरच होऊ शकते, आणि तिला प्रयोगशाळा लागत नाही. डॉक्टरची चिठ्ठी नाही तर इंजेक्शन नाही, हा कायदा आमच्या परवान्याबरोबरच येतो. तो मोडणारा दुकानदार असला म्हणजे कादंबरीतल्या बिथरलेल्या शास्त्रज्ञाची काही गरज उरत नाही.