हिरवा बांबू

साल 1864, महिना चैत्र. चांद्याच्या अंचलेश्वर दरवाज्यातून तुम्ही बाहेर पडता आहात. या गावाला चंद्रपूर म्हणायला अजून शंभर वर्षं जायची आहेत. पाठीमागे गोंड राजांनी बांधलेला परकोट, समोर झरपट नदी आणि महाकालीच्या यात्रेला लोटलेली माणसं. कोणी पायी आलंय, कोणी बैलगाडीने. रेल्वे या बाजूला आलेली नाही. नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा होऊन दहा वर्षं झाली आहेत, आणि 1858 साली याच गावात इंग्रजांनी आपल्याविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाक्यांना फासावर चढवलं, ते बघणारे डोळे अजून या गर्दीत आहेत.

गर्दी सोडून डाव्या हाताला वळा. एका लयीत चर्र-चर्र आवाज येतो आहे, त्याच्या रोखाने चला. पळसाच्या पानांनी शाकारलेल्या मांडवाखाली बांबू विणणाऱ्या बुरडाचं सगळं घर कामाला बसलेलं दिसेल. यात्रेसाठी परड्या हव्यात, जंगलात मोहफुलं पडायला लागली आहेत म्हणून टोपल्या हव्यात, कोणाच्या घरी लग्न आहे म्हणून नवं सूप हवं. यांच्यासाठी हा धंद्याचा मोसम.

खाली बसा आणि नुसते हात बघा. म्हाताऱ्याने मानवेल बांबूच्या तोंडावर कोयता ठेवला, एक ठोका दिला, पातं रुतवलं आणि दाबलं. बांबू उकलत निघाला. पेरामागून पेर, प्रत्येक गाठीला टक्क असा आवाज. आता नीट बघा, चीर मध्यावरून एका अंगाला सरकते आहे, एक फाळी जाड आणि एक पातळ व्हायला लागली आहे. म्हातारा थांबत नाही. जाड बाजू गुडघ्याखाली घेऊन जरा जास्त वाकवतो, आणि चीर आपोआप पुन्हा मध्यावर येते. हे त्याला कोणी शब्दांत सांगितलेलं नसणार. अर्ध्याचे पाव, पावाचे अष्टमांश. मग आडवी चीर, वरची हिरवी पाठ वेगळी आणि आतला पांढरा गर वेगळा. खरी ताकद त्या पाठीत. ती लवते, ओझं पेलते, पाण्यात टिकते. गराच्या कामट्या हलक्या कामाला जातात, उरलेला चुलीत जातो.

तुम्ही एक कामटी उचलायला जाता.

"हात नोका लावू जी, कापते," म्हातारी म्हणते. तिच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली आहे. पायाच्या बोटांनी तिने सुपाचा तळ दाबून धरला आहे, आणि दोन खाली दोन वर अशा तिरक्या विणीने सूप उभं राहतं आहे. पाखडताना दाणा मागच्या उंच पाठीकडे सरकला पाहिजे आणि भुसा पुढच्या उघड्या तोंडाने उडाला पाहिजे. हा उतार ती डोळ्याने ठरवते.

"बांबू कधी तोडला?"

"परवा आनला. अजून दोन-चार दिस चालन. मंग दगड होते त्याचा."

तिचं हे वाक्य पुढच्या दीडशे वर्षांत सोबत असू द्या. मानवेल हा भरीव बांबू. कोरड्या डोंगरउतारावरचा तर आत जवळजवळ पोकळी नसलेलाच. ओला असतो तोवर तो हाताचं ऐकतो, सरळ उकलतो, केसासारखा बारीक होतो. वाळला की मध्येच फाटतो, गाठीवर तुटतो. पाण्यात भिजवून थोडा वळेल, पण ओल्यासारखा चिरणार नाही. म्हणून बुरडाचं कसब एका साध्या गोष्टीवर उभं आहे: रांजीपासून, म्हणजे बांबूच्या बेटापासून, कोयत्यापर्यंत बांबू किती दिवसांत पोचतो.

1864 मध्ये हे अंतर एका मुक्कामाचं आहे. जंगल गावाच्या शिवेला भिडलेलं आहे. म्हाताऱ्याचे आपले नियम आहेत. यंदाच्या कोवळ्या बांबूला हात लावायचा नाही, त्याच्या अंगावर अजून साल असते. पुढच्या पावसाळ्यात नवे कोंब फुटायचे तर त्याच्याच जोरावर. तोडायचा तो तिसऱ्या वर्षाचा, टिचकी मारली की खणखणणारा. पावसाळ्यात बांबूतोडीला रांजीत शिरायचंच नाही, तेव्हा जमिनीतून वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, वर येत असतात. त्यांतले थोडे भाजीला, बाकीचे जंगलाला. आणि चाळीसएक वर्षांनी कधीतरी आख्खं रानच्या रान एकदम फुलतं, बी धरतं आणि मरतं. तेव्हा बुरडाच्या घरी दुष्काळ. मग त्याच बियांतून नवी पिढी वर येईपर्यंत मिळेल ती मजुरी. हा दुष्काळ मात्र ठाऊक असलेला, पिढीत एकदा येणारा.

पुढचा दुष्काळ कागदावरून येतो. इथून पावलं झपाझप टाका, कारण बघण्यासारखं फार नाही, सही-शिक्केच आहेत. 1865 मध्ये पहिला वनकायदा. 1878 मध्ये दुसरा, अधिक करकचून बांधणारा. 1927 च्या भारतीय वन अधिनियमात झाडाची व्याख्या येते आणि तीत बांबू बसवलेला असतो. वनस्पतिशास्त्रात बांबू गवताच्या कुळातला आहे, हे तेव्हाही माहीत होतं. पण व्याख्येत तो झाड ठरला की तोडायला परवानगी लागते आणि वाहून न्यायला वाहतूक परवाना. खांद्यावर चार बांबू घेऊन जंगलातून येणारा माणूस एका ओळीने गुन्हेगार होऊ शकतो. मी हा भाग वाचतो तेव्हा मला राग येतो. इतक्या वर्षांनंतरही येतो.

आता 1975 मध्ये थांबा, बल्लारपुरात, वर्धा नदीच्या बाजूला. हवेत कागदाच्या गिरणीचा उग्र वास आहे. 1945 साली स्थापन झालेल्या या गिरणीला कच्चा माल म्हणून बांबू लागतो, आणि सरकारने तो सवलतीच्या दराने, लांब मुदतीच्या करारांनी दिला आहे. ट्रकमागून ट्रक जात आहेत, आलापल्लीकडून, धानोऱ्याकडून. गिरणीत बांबूचे तुकडे होतात, ते रसायनात शिजतात, त्यांचा लगदा होतो. या लगद्याच्या वह्यांवर महाराष्ट्रातली लाखो मुलं अक्षरं गिरवायला शिकली, कदाचित तुम्हीही. त्या वहीबद्दल मला आकस नाही. गिरणीला वाळलेला बांबू चालतो, जुना चालतो, कोवळाही चालतो. बुरडाला चालत नाही, एवढंच. आणि परवाना गिरणीकडे आहे.

रस्त्याच्या कडेला एक डेपो आहे. त्याच्या फाटकाशी बुरड बायका उभ्या आहेत, हातात सवलतीचं कार्ड. सवलतीचा बांबू मिळतो, पण केव्हा येईल ते सांगता येत नाही. आज मिळालाय तो महिनाभर उन्हात पडलेला. एक बाई बांबूला नखाने टोकरून बघते, गाठीवर अंगठा फिरवते आणि न बोलता बाजूला ठेवते. दुसरा उचलते. ढिगातून निवडून-निवडून निघतील त्या बांबूंची बारीक वीण होणार नाही. त्यांच्या जाड कामट्यांच्या टोपल्या होतील, कोंबड्यांची खुराडी होतील, घराला लावायच्या ताट्या होतील. सासूने शिकवलेलं दोन खाली दोन वरचं सूप महिनोन्‌महिने हाताखालून जाणार नाही. कसब असं जातं. विणणारी माणसं अजून आहेत, पण हाताला सराव द्यायला ओला बांबू नाही.

सात वर्षं पुढे गेलात तर 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली वेगळा जिल्हा होताना दिसेल. तिथे थांबू नका. थेट 27 एप्रिल 2011 ला या, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात. ऊन डोक्यावर आहे, मांडव घातला आहे. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले आहेत आणि दिल्लीहून केंद्रीय मंत्री जयराम रमेश. गर्दीत जागा करून घ्या, कारण आज इथे दिलं जाणारं पुस्तक सोन्यापेक्षा मोलाचं आहे: बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक. आजवर ते फक्त वनखात्याच्या टेबलावर असायचं. आज ते ग्रामसभेच्या हातात जातं आहे.

हे सहज झालेलं नाही. गावचे देवाजी तोफा आणि इतर गावकऱ्यांनी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवले, प्रत्येक निर्णय सर्वसहमतीने घेतला, ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ असं ठामपणे म्हटलं आणि तसं वागून दाखवलं. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं होतं. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी परवाना मिळेना, कारण 1927 च्या कायद्यात बांबू झाडच होता. मार्च 2011 मध्ये रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज म्हणूनच धरा असं कळवलं, तेव्हा गाठ सुटली. आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे बघा. मुठीत मावेल एवढ्या पुस्तकाकडे म्हातारी माणसं ज्या नजरेने बघत आहेत, तशी नजर मी दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदावर पडलेली पाहिलेली नाही.

या दिवसाने मी आजही भारावतो, आणि तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. मेंढ्याचा बांबू ग्रामसभेने निविदा काढून विकला. गावाला पैसा आला, मजुरी आली, रांज्या राखल्या गेल्या. गावाने योग्यच केलं. पण बांबू पुन्हा ट्रकमध्येच चढला. ज्यांना चार दिवसांत ओला बांबू लागतो ते बुरड त्या मांडवात नव्हते. ते गडचिरोली, मूल, ब्रह्मपुरी अशा गावांच्या मोहल्ल्यांत राहतात. बहुतेकांकडे ना जंगल, ना हक्काचा पट्टा. हक्क जंगलाशेजारच्या गावाला मिळाला तेव्हा त्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

आता एकच उडी दूरची. 2017, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय. काचेआड जपानी बांबूच्या टोपल्या मांडल्या आहेत, काही उसळत्या लाटेसारख्या वळलेल्या. जपानने 1967 मध्ये ओइता प्रांतातल्या बेप्पूच्या शोनो शोउन्साई या बांबू कारागिराला जिवंत राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला. बांबूकामासाठी तो पहिलाच. तिकडचे कारागीर मदाके जातीचा पोकळ बांबू उकळून, तेल काढून, वाळवून ठेवतात आणि हवा तेव्हा वापरतात. त्यांची पद्धत त्यांच्या बांबूला साजते, आपली आपल्या मानवेलला. काचेजवळ जाऊन वीण बघा. त्यांतली दोन खाली दोन वरची तिरकी वीण तुम्ही चांद्याच्या मांडवात बघितलेली आहे. त्याच 2017 च्या नोव्हेंबरात भारत सरकारने अध्यादेश काढून झाडाच्या व्याख्येतून बांबू काढून टाकला. वनजमिनीबाहेर वाढलेला बांबू नव्वद वर्षांनी मोकळा झाला.

परत या, आजच्या दिवसात. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला उतरा. इथलं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र राज्य सरकारने 2014 मध्ये मंजूर केलं. यंत्रं आहेत, प्रक्रिया आहे, दिवे, राख्या, शोभेच्या वस्तू करायला शिकणाऱ्या मुली-बायका आहेत. शहरी दिवाणखान्यात शोभेल असं काम इथून निघतं, आणि ते निघावंच. पण इथून थेट बुरड मोहल्ल्यात चला, कारण ज्यांच्या हातात पिढ्यांची वीण आहे ते तिथे आहेत. एका बाजूला ताडोबाचं वाघासाठी राखलेलं जंगल. दुसऱ्या बाजूला बाजारात टांगलेली प्लास्टिकची सुपं. अंगणात तिघीजणी बसल्या आहेत. एकीच्या अंगठ्याला चिंधी आहे.

तुम्ही सूप मागता. ती तयार सूप दाखवते, जाड कामटीचं. बारीक विणीचं हवं म्हणता तर मान हलवते.

"तसा बांबू कुठे येते? डेपोत आला तर वाळून येते. हिरवा पाहिजे जी."

तुम्ही तिला विचारा, मी कितीदा विचारलेलं आहे आणि उत्तर नेहमी इतकंच नेमकं मिळालेलं आहे: नक्की काय हवंय? ती अनुदान म्हणत नाही, प्रदर्शनातला स्टॉल म्हणत नाही.

"त्या ग्रामसभांकडे बांबू हाये ना आता? आठवड्याले एक गाडी हिरवा आमाले द्या म्हना. ठेकेदाराचा भाव देतो, रोख देतो. तोडला की दुसऱ्या दिवशी इथं पाहिजे."

ठेकेदाराला एकगठ्ठा माल लागतो, हिला आठवड्याला एक गाडी. दोन्ही एकाच रांजीतून निघू शकतात. ग्रामसभेच्या ठरावात त्यासाठी एक ओळ वाढवावी लागेल, आणि ती गाडी कधी निघणार याचा वार ठरवावा लागेल. बुरडांनी एकत्र येऊन मागणी नोंदवायला हवी, ग्रामसभेने ती ऐकायला हवी, वनखात्याने वाटेत गाडी अडवायला नको. या तिघांना एका बैठकीत बसवणं हे काम मला कुठल्याही प्रशिक्षण वर्गापेक्षा निकडीचं वाटतं.

तुम्ही निघायला उठता तेव्हा ती हाक मारते. बारीक विणीचं सूप खरंच पाहिजे असेल तर इसार देऊन जा, म्हणते. तिचा नवरा उद्या एका ग्रामसभेच्या अध्यक्षाला भेटायला जाणार आहे, जायला-यायला एसटीचे पैसे लागतील, आणि त्यांनी हो म्हटलं तर पहिल्या बांबूचे पैसे तिथेच मोजायला हवेत.