सावळज गट ते विधानभवन : एका वाटचालीचा मागोवा

सांगलीहून तासगावकडे जाणारा रस्ता आमच्या माधवनगरातून पुढे बुधगाव, कवलापूर असा जातो. याच रस्त्याच्या टापूत वाढलेला एक शेतकऱ्याचा मुलगा राज्याचा उपमुख्यमंत्री झाला, हे आमच्या नव्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल. रावसाहेब रामराव पाटील ऊर्फ आर. आर. आबा यांचा जन्म १६ ऑगस्ट १९५७ रोजी तासगाव तालुक्यातील अंजनी या गावी झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. सांगलीच्या शांतिनिकेतनमध्ये 'कमवा आणि शिका' या योजनेत श्रम करीत ते पदवीधर झाले आणि पुढे त्यांनी कायद्याचेही शिक्षण घेतले.

महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. या संस्थांनी पुढाऱ्यांची एक नवी पिढी घडविली. १९७९ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, आबा सावळज गटातून सांगली जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि १९९० पर्यंत तेथे राहिले. ही अकरा वर्षे आम्हांस त्यांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची वाटतात. पाणीयोजना, शाळेची खोली, गावचा रस्ता हे तेथील विषय. तेथील सदस्याला मतदार रोज भेटतो आणि जाब विचारतो. वसंतदादा पाटील यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या छायेत वाढलेल्या या जिल्ह्यातील तरुण कार्यकर्त्याला याहून चांगली शाळा मिळाली नसती.

१९९० मध्ये ते तासगावातून विधानसभेवर गेले. त्यानंतर २०१४ पर्यंतच्या सर्व निवडणुका धरून ते सलग सहा वेळा विजयी झाले. १९९९ साली ग्रामविकास खाते हाती येताच जिल्हा परिषदेतील अनुभव फळास आला. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियानाचे मर्म असे की, त्यात सरकारी अनुदानापेक्षा गावागावांतील स्पर्धेवर आणि श्रमदानावर भर होता. गावाने आपला परिसर स्वतःच झाडावयाचा आणि बक्षिसासाठी शेजारच्या गावाशी चढाओढ करावयाची. केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार त्यानंतर, २००३ मध्ये आला. गृहमंत्री असताना २००७ साली त्यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीमही सुरू केली. तिच्या मुळाशीही तोच विचार होता, की गावचे भांडण शक्यतो गावातच मिटावे.

तथापि, गावाला लागू पडणारे उपाय महानगराला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. २००५ साली डान्स बारवर बंदी आली. तरुणांची घरे उद्ध्वस्त होतात, हे त्यांचे म्हणणे अनेक पालकांना पटले आणि आम्हांसही ते पटले होते. परंतु त्या बंदीने हजारो स्त्रियांची रोजी गेली, याचा विचार आम्ही तेव्हा केला नाही, हे कबूल केले पाहिजे. तारांकित हॉटेलांना मात्र त्या कायद्यातून सूट होती. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला.

नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यात १६६ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी मोठ्या शहरात लहानसहान घटना घडतातच, अशा अर्थाचे एक वाक्य उपमुख्यमंत्री असलेल्या आबांच्या तोंडून निघून गेले. १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. तीस वर्षांची पुण्याई एका वाक्याने झाकोळली. परंतु पुढल्याच वर्षी ते पुन्हा गृहमंत्री झाले आणि नक्षलग्रस्त गडचिरोलीचे पालकमंत्रिपदही त्यांनी स्वीकारले. चुकलेल्या माणसाला कामातून उभे राहण्याची संधी मिळावी, हा धडाही यातून घेण्याजोगा आहे.

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी, वयाच्या अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षी, तोंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. अंजनीच्याच मातीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. पुढे त्यांच्या पत्नी सुमनताई आणि २०२४ साली पुत्र रोहित विधानसभेत गेले.

आम्हांस या इतिहासात एक प्रश्न दिसतो. आज किती तरुण थेट आमदारकीची स्वप्ने पाहतात, आणि ग्रामपंचायतीच्या वा नगरपालिकेच्या साध्या सभेला किती जण बसतात? आपल्या कुटुंबांतील मुलामुलींना राजकारण घाणेरडे म्हणून आपण दूर ठेवतो आणि मग कारभार वाईट चालतो म्हणून हळहळतो. सावळज गटातील ती अकरा वर्षे डोळ्यांपुढे ठेवली, तर सुरुवात कोठून करावयाची हे सांगावे लागणार नाही.