दामदुप्पट स्थावर फंड आणि आलेखावरचे इशारे

अमेरिकेत 1960 च्या कायद्याने रीट, म्हणजे स्थावर मालमत्तेचे गुंतवणूक न्यास, अस्तित्वात आले आणि भाड्याच्या इमारतींतला वाटा शेअरसारखा विकता येऊ लागला. 2007 च्या जानेवारीत प्रोशेअर्स या फंड कंपनीने रीटसारख्या स्थावर शेअरांच्या निर्देशांकाच्या रोजच्या चालीच्या दुप्पट आणि उलट दुप्पट परतावा देऊ पाहणारे दोन फंड आणले. डायरेक्शन या दुसऱ्या कंपनीचे तिप्पटवाले 2009 मध्ये आले.

यातला ‘रोजच्या’ हा शब्द फार महागात पडला. निर्देशांक 100 वरून 90 वर आला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 100 झाला, तर उलट दुप्पट फंड 120 वर जाऊन 93.3 वर उतरतो. 2008 मध्ये नेमके हेच घडले: स्थावर शेअर कोसळले, तरी त्यांच्या पडझडीवर पैसे लावणारा फंडही वर्षअखेर मोठ्या तोट्यात होता. अंदाज बरोबर ठरूनही माणसे बुडाली, हे खरोखर क्लेशदायक आहे. जून 2009 मध्ये फिन्रा या नियामक संस्थेने दलालांना बजावले, की असे फंड एका दिवसापेक्षा जास्त काळ ठेवणाऱ्या सामान्य गुंतवणूकदारांना ते सहसा योग्य नाहीत.

त्यामुळे चलत सरासरीसारखे तांत्रिक इशारे पाहून थोड्या दिवसांत आत-बाहेर करणाऱ्यांचेच हे साधन ठरले. इशारा मात्र मूळ निर्देशांकाच्या आलेखावर पाहावा. फंडाच्या आलेखात रोजच्या चढउतारांतून होणारी ही झीज मिसळलेली असते.